कुंकू लावलेला फोन

पुण्यात मी एका कचेरीत टेबलं पुसायचे. तेव्हा मला बजावून ठेवलेलं, साहेबांच्या त्या काळ्या फोनला हात लावायचा नाही. त्या कंपनीचे फोन साहेबलोकांचेच. आणि इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, त्याच कंपनीचा स्वस्तातला फोन दुकानात कपड्यांच्या साबणाशेजारी मांडलेला! माझा जुना नुकताच बंद पडला होता. ज्यांच्याकडे मी स्वयंपाकाला आहे त्या ताई म्हणाल्या, "मावशी, हाच घ्या. मी सेटअप करून देते." त्यांचे उपकार किती सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं काम होतं. गावी तेव्हा संध्याकाळ, आणि माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाहुण्यांना लग्न यंदाच हवं होतं, आणि माझ्या दादाला स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. माझी शाळा आठवीत सुटली ती अशाच घाईनं. तिचं शिक्षण आधी, एवढंच मला त्या बैठकीत सांगायचं होतं.

नवी वस्तू म्हणून फोन देवापुढे ठेवला. काच खराब होऊ नये म्हणून कुंकवाचं ओलं बोट खालच्या कडेला टेकवलं. ताई आणि त्यांचे यजमान ऑफिसला गेले, तसा मी व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, बोल की," दादा म्हणाला. "नुसतं तोंड हलतंय."

मी ओरडले. तिकडे कुणीतरी हसलं, "विहीणबाई लाजल्या."

मुलाच्या वडिलांनी सरळच विचारलं, "काय हो, यंदाच उरकायचं ना?"

नाही, नाही म्हणत मी मान हलवली.

"बघा, मान डोलावतेय," दादा म्हणाला. "तिची काही हरकत नाही."

मेसेज लिहावा, तर तो दादाच वाचणार आणि दादाच सांगणार. मुलगी मागे पोह्यांचा ट्रे धरून उभी, माझ्याकडेच बघत. मी फोनचाच खोका फाडला, ओट्यावरच्या मार्करनं आतल्या पांढऱ्या बाजूला लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

मुलीनं ट्रे खाली ठेवला. मोठ्यानं वाचलं, "आधी नर्सिंग पुरं. मग लग्न."

मग मुलाच्या वडिलांनी बशी सरकवली. "मग आम्हाला थांबता यायचं नाही."

दादानं फोन बंद केला.

संध्याकाळी ताईंनी टाचणीनं फोनच्या खालच्या कडेच्या भोकातलं वाळलेलं कुंकू उकरलं. "मावशी, अहो, इथूनच तर आवाज जातो!" मी लगेच मुलीला फोन लावला. तिकडे पहाट होती, तरी तिनं उचलला.

"मामा चिडलाय?" मी ओरडून विचारलं.

"खूप. आणि आई, हळू बोल, ऐकू येतंय. मला कॉलेजला निघायचंय."