आधी पाय कोणी धुवायचे?

नम्रता या विषयात मला हरवेल असं आमच्या चर्चच्या मंडळीत कोणीही नाही.

हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, लोक सांगतात. (लोक म्हणजे आमचे हे. तेही मी विचारल्यावर.) नाशिकला शरणपूर रोडजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यास भरतो. निर्मिती, पाप, कृपा, क्षमा, तारण असा एकेक मोठा विषय घ्यायचा, वचनं काढायची, चर्चा करायची आणि शेवटी पोहे. पाळकसाहेब आले नाहीत की वर्ग मी घेते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे समोरचा माणूस प्रार्थना करतोय की डुलकी काढतोय हे मला लांबूनसुद्धा कळतं.

तर अशा माझ्यावर, माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच परातीवरून जो प्रसंग आणला गेला, त्याचा राग मला अजून येतो. येणारच!

आधी एस्तरबद्दल सांगते. एस्तर म्हणजे माझी धाकटी जाऊ. राहते आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. मागच्याच्या मागच्या नाताळात या बाईनं महिला मंडळात सगळ्यांदेखत सांगितलं की शालिनीताईंच्या करंज्या विकतच्या होत्या. विकतच्या! पहाटे उठून सारण भाजणारी मी! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिनंही केलं. जिन्यात समोरासमोर आलो तर मी भिंतीकडे बघायची आणि ती मोबाइलकडे. दोघी आपापल्या नवऱ्यांमार्फत निरोप धाडायचो. "तुमच्या भावजयीला सांगा, आमच्या गॅलरीत पाणी पडतंय." ते दोघे भाऊ तर पोस्टमनच झाले होते.

या सगळ्याला आमच्या सासूबाई विटल्या. त्या एक महिना खाली, एक महिना वर अशा राहायच्या. यंदा त्यांनी उपवासकाळ सुरू झाल्या झाल्या जाहीर केलं, "तुम्ही दोघी बोलला नाहीत, तर ईस्टरला मी मनमाडला लेकीकडे जाणार. आणि परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर ठरवणार."

"आई, मी काय केलंय पण?" मी म्हटलं.

"तू नम्रता शिकवतेस ना गं? मग थोडी घरात पण वापर."

मला लागलं ते. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी भाकरी थापता येत नव्हती, ती या बाईनं हात धरून शिकवली. माझी आई गेल्यावर मला आई त्याच. त्या गेल्या तर मला घर खायला उठलं असतं. पण म्हणून एस्तरशी आधी मी बोलायचं? का म्हणून? करंज्यांचं कोण बोललं होतं?

आणि तेवढ्यात आमच्या नव्या पाळकसाहेबांना सुचलं. वयानं तरुण, उत्साह दांडगा. म्हणाले, "गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आपण नम्रता हा विषय घेऊ. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो भाग. पण यंदा नुसती चर्चा नको. प्रत्यक्ष एकमेकांचे पाय धुऊ!"

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. (मग काय करणार? वर्ग माझ्या घरी होता.)

आता आमच्या माणसांची गंमत बघा. दुसऱ्याकडून पाय धुऊन घ्यायचे म्हटल्यावर घाणेरडे पाय न्यायचे कसे? चार लोकांत शोभा नको! म्हणून त्या गुरुवारी झाडून सगळे घरूनच पाय धुऊन आले. सिस्टर विमल तर नवे मोजे घालून आल्या. आमच्या ह्यांनी बाथरूममध्ये वजरीनं टाचा अशा घासल्या, की मला वाटलं वर कोणी फरशी बसवतंय. मी स्वतः दुपारभर कोमट पाण्यात लिंबू पिळून पाय बुडवून बसले होते, पण ते स्वच्छतेसाठी. आणि एस्तर? ती पार्लरला जाऊन नखांना गुलाबी रंग लावून आली! नम्रतेला गुलाबी रंग!

खरे मळलेले पाय एकाच माणसाचे होते. दाविदभाऊ निफाडकडच्या द्राक्षमळ्यातून थेट मोटरसायकलवर आले होते, घोट्यापर्यंत मातीत. त्यांना बघून हॉलमधली नम्रता दोन पावलं मागे सरकली.

"थांबा, थांबा," दाविदभाऊ ओशाळून म्हणाले, "लय चिखल हाय. मी खाली नळावर धुऊन येतो, मग धुवा."

आणि कोणीही त्यांना थांबवलं नाही! पाळकसाहेबांनीसुद्धा नाही!

परातीचंही सांगून टाकते. पाळकसाहेबांनी घंगाळ आणायचं कबूल केलं होतं, ते विसरले. मग माझ्या स्वयंपाकघरातून माझी मोठी पितळी परात निघाली. कणीक मळायची परात! "प्रभूच्या कामाला चालते," असं आमचे हे म्हणाले. ह्यांना कणीक मळावी लागत नाही, म्हणून चालते.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता आपापली जोडी निवडा."

मी सिस्टर विमलकडे बघितलं. मोज्यातले पाय, सोपं काम. पण खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, "पहिली जोडी मी सांगते. शालिनी आणि एस्तर."

मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे छताकडे बघत होते. सासूबाईंच्या पायाशी त्यांची मनमाडला न्यायची बॅग भरून ठेवलेली होती. मी उठले. तिकडून एस्तरही उठली.

मी मनात म्हटलं, ठीक आहे. वाकायचंच तर असं वाकू, की हिला जन्मभर आठवेल. मी पदर खोचला, कमरेला टॉवेल बांधला आणि परातीपाशी बसले. बघते तर समोर एस्तरही ओढणी बांधून बसलेली!

सव्वा वर्षात मी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "तू खुर्चीवर बस. मी धुणार आहे."

"तुम्ही बसा ताई. मी धुते."

"मी मोठी आहे!"

"म्हणूनच! लहानानं मोठ्याची सेवा करायची असते."

"तुला धडा कळलेलाच नाही!" माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. "गुरूनं शिष्यांचे धुतले, शिष्यांनी गुरूचे नाही! मोठा असतो तो वाकतो. इथं मोठी मी. म्हणजे नम्र मी व्हायचं!"

"म्हणजे तुम्ही प्रभू आणि मी शिष्य पेत्र का?"

"मी असं म्हटलं का?"

"अर्थ तोच होतो! नम्रतेत पण तुम्हालाच पुढं जायचंय!"

"बहिणींनो..." पाळकसाहेब पुढे झाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी परात माझ्याकडे ओढली. तिनं तिच्याकडे ओढली. "सोड!" "तुम्ही सोडा!" "माझी परात आहे!" "प्रभूच्या कामाला दिलीय ना?" आणि दोघींनी एकदमच सोडली. परात अशी उडाली, की पाळकसाहेब छातीपासून बुटांपर्यंत भिजले. परात गरगरत जाऊन सोफ्याखाली शिरली.

"चला," आमचे हे म्हणाले, "पाळकसाहेबांचे तरी धुऊन झाले."

कोणी हसायलाही धजेना. आणि आमची गाडी तर आता कुठे सुरू झाली होती!

"करंज्या मी घरी केल्या होत्या!" मी ओरडले.

"मग त्या मिठाईच्या दुकानाच्या पिशवीतून का आल्या?"

"पिशवी दुकानाची होती! करंज्या माझ्या होत्या! घरात दुसरी पिशवी नव्हती!"

एस्तर थांबली. "मग तेव्हाच सांगायचं ना, ताई!"

"तू तेव्हाच विचारायचं ना, मंडळात सांगण्याआधी!"

तिचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ती म्हणाली. मी कमरेचा टॉवेल सोडून तिला डोळे पुसायला दिला. ती तो नाकालाही लावून मोकळी झाली.

तेवढ्यात दाविदभाऊ धुतलेले पाय घेऊन दारात आले. ओली फरशी, ओले पाळकसाहेब आणि टॉवेलात तोंड खुपसलेली एस्तर बघून म्हणाले, "झालं व्हय सगळं? लय जोरात धुतले!"

मग मात्र हसू फुटलं. सर्वांत आधी सासूबाईंना. पोट धरून हसत त्या आपल्या धाकट्या लेकाला म्हणाल्या, "प्रकाश, बॅग वर ठेव रे. भांडल्या एकदाच्या तोंडानं! आता कुठे नाही जात मी."

पाळकसाहेब आमच्या ह्यांचा पायजमा घालून, घोट्याच्या वर चार बोटं, पोहे खाऊन गेले. ईस्टरचं जेवण खालीच झालं. एस्तरनं बिर्याणी केली, मी करंज्या केल्या आणि सगळ्या मंडळीसमोर तळल्या, उगाच नंतर बोलणं नको.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी पाळकसाहेबांनी उजळणी घेतली. या वेळी ते परातीच्या जागेपासून लांब बसले होते. कृपा झाली, क्षमा झाली. मग त्यांनी जरा दबकतच विचारलं, "आणि नम्रता... खरोखर कोणाला कळली, असं वाटतं?"

सगळे खाली मान घालून बसले. हात वर झाले ते फक्त दोन. माझा आणि एस्तरचा.

पण माझा आधी झाला होता. विचारा कोणालाही!