कॅशियरच्या टेबलावरचा फोन

माझ्या दोन्ही भावजया एकाच ऑफिसात. थोरली टेलिफोन बोर्डावर होती. बाहेरून फोन करणारे साहेबांच्या आधी तिचीच खुशाली विचारत. मग बोर्ड गेला, टेबलाटेबलावर नवे फोन आले आणि ते सांभाळायला धाकटीला घेतलं. थोरलीची रवानगी तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या खोलीत. तेव्हापासून तिला धाकटीच्या हातचा चहासुद्धा पांचट लागू लागला.

धाकटीची नोकरी कायम होणं एका चाचणीवर अवलंबून होतं. कुणाला भोवळ आली, आग लागली, तर तातडीचा नंबर फिरवताच मदत केंद्राला मजला आणि खोली दिसायला हवी. ती माहिती प्रत्येक फोनच्या नावावर आधी भरलेली असते. फोन उचलून दुसरीकडे नेला, तरी तो जुनाच पत्ता सांगत राहतो.

थोरलीने नेमकं तेच केलं होतं. तळमजल्यावरच्या कॅशियरचा फोन बिघडला, तेव्हा तिने आपल्या खोलीतला नेऊन दिला. पत्ता बदलण्यासाठी धाकटीला सांगावं लागलं असतं. थोरलीने सांगितलंच नाही. चाचणीत हे उघडं पडेल आणि धाकटीचा तोरा उतरेल, या विचाराने तिला छान झोप लागत होती.

चाचणीच्या दिवशी साहेब मनाला येतील ते फोन दाखवत गेले. धाकटी प्रत्येकावरून, ही चाचणी आहे, पत्ता वाचून दाखवता का, असं विचारी. पलीकडून बरोबर खोली सांगितली जाई. कॅशियरच्या टेबलाकडे साहेब वळलेच नाहीत. सगळं उत्तम, असं त्यांनी जाहीर केलं. मध्यंतरी छातीच्या दुखण्याने रजेवर गेलेले कॅशियरही कौतुकाने टाळ्या वाजवू लागले. थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"हा फोनही लावून बघ," कॅशियरच्या टेबलाकडे बोट दाखवत ती धाकटीला म्हणाली.

पलीकडून तिसरा मजला, फायलींची खोली असं ऐकू आलं. फोन हलवला कुणी, असं साहेबांनी विचारल्यावर थोरलीने आपलं नाव सांगितलं. धाकटीने उभ्याउभ्या पत्ता दुरुस्त केला. शाबासकी पुन्हा तिलाच.

घरी येताना धाकटीने विचारलं, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं. मग आज का बोललात?"

"त्यांना काही झालं असतं, तर सगळे तुझ्या नावाने खडे फोडत बसले असते. आणि मला बरं वाटलं असतं. त्याचीच भीती वाटली गं."

धाकटीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आणि साहेबांपुढे एवढं गोड हसू नकोस," थोरली म्हणाली. "मी नाही कधी हसले."