ट्रेलॉनीचा खर्ज

हेझकाया पिनॉकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. हडर्सफील्डच्या गिरणीत त्याची पाळी सहाची होती आणि गिरणी घरापासून फार लांबही नव्हती. इतकं लवकर उठायचं ते तळघरासाठी. चहाचा कप हातात घेऊन तो खाली उतरायचा आणि खोक्यांवरून हात फिरवायचा. फळी ओलीने फुगली का, सांधा उकलला का, एखादा स्क्रू सैल झाला का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. ते काम झालं की वर येऊन पाव आणि तळलेला मासा डब्यात भरायचा आणि चढ चढायला लागायचा.

खोकी कपाटाएवढी होती. पोटात मोठाले स्पीकर, वर ठेवायला कर्णे, मधोमध व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. या सगळ्याचं नाव ट्रेलॉनी. जमैकातल्या ज्या परगण्यात पिनॉक जन्मला, त्याचं ते नाव. खोकी, तबकड्या आणि त्या वाहून नेणारी माणसं यांचं मिळून जे होतं त्याला तिथली माणसं साउंड म्हणत. मालक एकच असला तरी नाचायला येणारा प्रत्येकजण 'आमचा साउंड' असंच म्हणे.

पिनॉक छप्पन्न साली जमैकाहून इंग्लंडला आला. तेव्हा शहरातल्या नाचाच्या हॉलांत काळ्या माणसाला दारातच सांगत, आज जागा भरली. आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसत असत. मग ही माणसं आपापल्या तळघरांत नाचू लागली. पिनॉकने पहिलं खोकं एका टाकून दिलेल्या कपाटाच्या दारांचं केलं. ते असं खडखडलं की लोक हसले. त्याने ते मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा मोडलं. जाड फळी घेतली, सांध्यांना सरस आणि स्क्रू दोन्ही लावले, आत गिरणीतली टाकाऊ लोकर ठासून भरली. तेव्हा कुठे खर्ज नीट उतरला, छातीत लागेल असा.

त्याच्या आगेमागे गावात बरेच साउंड उभे राहिले आणि बसले. कुणाच्या बायकोने खोकी अंगणात काढली, कुणी मायदेशी परतला, कुणाला वाहून नेण्याचा कंटाळा आला. ट्रेलॉनी सतरा वर्षं टिकला. वेस्ट इंडियन मंडळाच्या हॉलमधले शनिवार त्याचे होते. सगळा जीव त्या शनिवारांत होता. वाजवायला जागा नसेल तर साउंड म्हणजे तळघरात अडचण करणारं लाकूड.

तबकड्या निवडून लावायचं काम एव्हरल्डचं. हुशार माणूस, बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. एकदा लीड्सचा 'किंग ऑगस्टस' नावाचा साउंड पाहुणा म्हणून आला होता. त्यांच्या माणसांनी एव्हरल्डच्या खांद्यावरून वाकून तबकड्यांवरची नावं वाचली, आणि पंधरवड्यात तीच गाणी लीड्समध्ये वाजू लागली. पिनॉक चिडला. म्हणाला, "सगळी लेबलं खरवडून टाक. एक नाव शिल्लक राहता कामा नये." ही पद्धत जमैकातलीच. एव्हरल्डने ब्लेडने सगळी लेबलं पांढरी केली आणि नखपॉलिशचे ठिपके दिले. कुठे दोन, कुठे तीन, कुठे त्रिकोण. त्यांचा अर्थ त्याच्या डोक्यात.

एप्रिलमध्ये एव्हरल्ड गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. पिनॉकला धाकटी माणसं आदराने मास हेझी म्हणत.

"मास हेझी, मी लीड्सला जातोय. ऑगस्टसकडे."

"का? इथे काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. पण लोक म्हणतात पिनॉकचा साउंड. माझं नाव कुणी घेत नाही."

"खोकी माझी आहेत."

"आहेतच की. मी कुठे एक तरी नेतोय? खोकी तुमची, गाणी माझी." कपाळावर बोट टेकवून तो हसला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात मंडळाचे चिटणीस मिस्टर लिंडो घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. "मिस्टर पिनॉक, किंग ऑगस्टसने आपल्या शनिवारांची मागणी केली आहे. समितीत दोन तट पडले. तेव्हा असं ठरलं, की मेअखेरीस व्हिट मंडेच्या सुट्टीला दुपारी दोघांनी समोरासमोर वाजवायचं. लोकांचा कौल ज्याला, चषक आणि शनिवार त्याचे."

"ठीक आहे," पिनॉक म्हणाला.

"तबकड्या कोण लावणार?"

"मी."

लिंडोंनी गुडघ्यावरची टोपी दोनदा फिरवली.

संध्याकाळी पिनॉक तळघरात गेला, पेटी उघडली, आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. तीनेकशे तबकड्या, सगळ्यांची लेबलं कोरी, वर नुसते ठिपके. लीड्सच्या लोकांपासून लपवता लपवता त्याने त्या स्वतःपासूनच लपवल्या होत्या. एक लावली. गाणं वाजलं, संपलं. दुसरी लावली. कुठलं, कुणाचं, याच्यावर लोक उठतात की बसतात, काही सांगता येईना. सतरा वर्षं तो प्रत्येक नाचाला उभा होता, पण कान खोक्याकडे. फळी कुरकुरतेय का, कर्णा चिरकतोय का, व्हॉल्व्ह गुणगुणतोय का. गाणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

वरून स्वयंपाकघराच्या जमिनीवर झाडूचा दांडा आपटला.

"पिनॉक, ते नको. ते लावलं की माझ्या बशा चालायला लागतात."

ही इनेझ, त्याची बायको. चर्चमधली मोठी भगिनी. ऐहिक संगीताच्या तळघरात पाऊल टाकायचं नाही असा तिचा नेम, आणि तो तिने खोकी आल्यापासून पाळला होता.

पिनॉक जिन्याच्या पायथ्याशी आला. "तुला हे गाणं माहीत आहे?"

"माहीत असायला काय झालं? माझ्या पायाखालून येतं ते. बॅझिलच्या लग्नात म्हातारा नॉर्मन याच्यावरच नाचला आणि कंबर धरून बसला."

"आणि याच्या आधीचं?"

"ते झाकणाचं. भांड्यावरचं झाकण थरथरतं, बशा गप्प असतात. त्याला बायका उठतात, पुरुष भिंतीला टेकून राहतात."

पिनॉक एक पायरी वर चढला. मग म्हणाला, "खाली येतेस?"

"मी? त्या बिळात? देवाला काय तोंड दाखवू?"

"बरं. मग जिन्यावर बस."

इनेझने विचार केला. जिना घराचा होता, तळघराचा नव्हता. हिरवी केळी सोलायला घेऊन ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली.

त्या दिवसापासून रोज असं चाललं. रविवार सोडून, रविवारी तिने एक सूरही चालू दिला नाही. पिनॉक पाळी संपवून यायचा, हातांवरचा रंग घासून काढायचा, जेवायचा आणि खाली बसायचा. एक तबकडी तो इनेझसाठी लावी आणि तीच पुन्हा स्वतःसाठी. गिरणीच्या रंगखात्यात तो कामाला होता, तिथून लोकरीच्या धाग्यांची रंगीत टोकं घेऊन आला होता. खरवडलेल्या लेबलावर तो टोक चिकटवायचा. बशा हलवणाऱ्या गाण्यांना लाल, झाकणाच्या गाण्यांना हिरवं, जी ऐकून इनेझचा हात केळ्यावर थांबायचा त्यांना निळं. एका लालमध्ये मग गडद, फिकट, विटकरी. छटा ओळखणं हे त्याचं रोजचंच काम. पण छटा लक्षात ठेवून भागणार नव्हतं, गाणं ऐकावं लागणार होतं. एखादं चुकलं की पुन्हा. पुन्हा चुकलं की पुन्हा. इनेझ जांभया द्यायची.

"पिनॉक, उद्या पाळी आहे."

"हे एक."

"मघाचंही एकच होतं."

महिनाभरात असं झालं की पहिला ठोका पडायच्या आत त्याला कळे पुढे काय येणार. रंगखात्यात पिंपात काठी ढवळताना एखादी चाल डोक्यात फिरत असे. मुकादम म्हणाला, "हेझी, गातोस काय?" पिनॉकला स्वतःलाच नवल वाटलं.

व्हिट मंडेला दुपारी हॉल गच्च भरला. रंगखात्यातले, बसवरचे कंडक्टर, इस्पितळातल्या नर्स, लीड्सहून बस भरून आलेली पोरं. नाचाला येणार नाही असं म्हणत इनेझ हॉलच्या स्वयंपाकघरात हजर होती. बोकडाचं मटण आणि नारळाच्या दुधातला राजमा-भात रांधण्याला चर्चची हरकत नव्हती. खोकी वाहायला जोस्लिन होता, ओतशाळेतला दांडगा गडी. एका भिंतीला ट्रेलॉनी, समोरच्या भिंतीला ऑगस्टस.

एव्हरल्डने येऊन पेटीत डोकावलं. "मास हेझी, हे काय? स्वेटर विणायला आलात?"

"तुला पण विणून देतो," जोस्लिन म्हणाला. "लीड्समध्ये एकटं झोपतोस, गारठशील."

आजूबाजूचे हसले. एव्हरल्डही हसला, पण त्याने पेटीवरून नजर काढली नाही.

नियम साधा होता. समोरच्याने लावलेलं गाणं आपण लावायचं नाही. लावलं तर तिथेच हार. एव्हरल्डला पिनॉकची पेटी पाठ. त्याने निवडून निवडून तीच गाणी आधी लावायला सुरुवात केली. एकेक करून तो पिनॉकची पानं कापत होता. त्याची अटकळ अशी की म्हाताऱ्याला आपलं कुठलं गेलं हेच कळणार नाही, आणि कधी ना कधी तो तेच लावून बसेल.

पिनॉक ऐकत होता. समोरून दोन ठोके आले की हात पेटीत जाई, ती तबकडी बाहेर काढून बाजूला ठेवी. विटकरी लाल गेली. शेवाळी हिरवी गेली. एव्हरल्डच्या कपाळावर आठी पडली. नवी, गाजलेली गाणी संपत आली तेव्हा पिनॉकने निळ्याला हात घातला. जुनी, संथ, एव्हरल्डने कधीच मोडीत काढलेली गाणी. काळ्या माणसाला भाड्याने खोल्या मिळत नसत त्या काळातली. भिंतीला टेकलेले पुरुष सुटे झाले. नर्सांनी चपला काढल्या. म्हातारा नॉर्मन कंबरेवर हात ठेवून मधोमध आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि इनेझ हातातला डाव तसाच धरून उभी राहिली.

पिनॉकने डोळे मिटले. गाणं खालून वर येत होतं आणि त्याला ते सगळंच्या सगळं ऐकू येत होतं, शब्द, ठोका, ठोक्यामागची जागा. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्याच साउंडसमोर नुसता ऐकत उभा होता.

म्हणून त्याला ती कुरकुर ऐकू आली नाही. डावीकडच्या मोठ्या खोक्यात एक स्क्रू सुटला होता. स्पीकर आतल्या आत थडथडत होता. एरवी एवढ्याशा आवाजाला तो झोपेतून उठला असता. ध्यानात आलं तेव्हा कागद फाटल्यासारखा आवाज झाला, आणि स्पीकरचा पडदा काठापासून आडवा उकलला. अर्धा खर्ज गेला. जोस्लिन धावला, तारा ओढून काढल्या, उरलेल्या खोक्यांवर गाणं ओढत शेवटाला नेलं. लोक नाचत राहिले. पण कौल मागितला तेव्हा लीड्सच्या बाजूची आरोळी मोठी होती. मिस्टर लिंडोंनी चषक ऑगस्टसला दिला. शनिवारही गेले.

एव्हरल्ड जवळ आला. "मास हेझी, शेवटची ती गाणी... मला वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं," पिनॉक म्हणाला आणि तारा गुंडाळायला लागला.

खोकी लॉरीत चढवताना जोस्लिन म्हणाला, "स्क्रू कोणाच्या हातचा?"

"माझ्या. सकाळी पेटी घेऊन बसलो, हात फिरवायचा राहिला."

"मग आता?"

"आता दोन कामं दोन माणसांची. तबकड्या मी लावीन. खोक्यापाशी तू उभा राहायचं. गाणं ऐकायचं नाही. फक्त कुरकुर ऐकायची."

"नाचलो तर?"

"हाकलून देईन."

"आणि वाजवायचं कुठे? हॉल गेला की."

"बघायची जागा."

पुढच्या शनिवारी नॉर्मन दारात आला. म्हणाला, हॉलमध्ये तरण्या पोरांचं चाललंय, मास हेझी, आम्ही कुठे जायचं? त्याच्यामागे दोन नर्स उभ्या होत्या. पिनॉकने त्यांना आत घेतलं नाही, आशाही दाखवली नाही. कोट घातला आणि कालव्याच्या कडेने चालायला लागला. महिनाभर तो पाळी संपली की असाच चालत होता. शेवटी एक बंद पडलेली लोकरीची वखार सापडली. दार गंजलेलं, खाली थंडगार दगडी फरशी, आजूबाजूला तक्रार करायला कुणी राहत नव्हतं. भिंती जाड होत्या. त्याने मधोमध उभं राहून टाळी वाजवली, आवाज कसा परततो ते ऐकलं आणि मालकाकडे गेला. वर्षाचं भाडं एकरकमी भरायचं आणि एप्रिलमध्ये ताबा घ्यायचा, असं ठरलं.

हिवाळाभर तो दोन पाळ्या करत होता. पहाटे खोकी, मग रंगखातं, मग दुसऱ्या पाळीला पिंपं धुणं. ते काम कुणी मागून घेत नसे. रसायनाने नखं कडेने काळी पडली. इनेझ म्हणाली, "मरशील." तो म्हणाला, "एप्रिलपर्यंत नाही." रविवारी तो चर्चमध्ये तिच्या शेजारी बसून झोपायचा, आणि ती त्याला कोपर मारायची नाही.

त्या पगारातून आधी वखारीचं वर्षाचं भाडं दिलं. मग फाटलेल्या स्पीकरला नवा पडदा चढवला. सगळ्यात मोठा भाग मात्र फळ्यांत गेला. जोस्लिनने विचारलं होतं, फरशी काय वाईट आहे, उगाच खर्च कशाला. पिनॉक म्हणाला, माणसं आठवडाभर गिरणीत आणि वॉर्डात दगडावर उभी असतात. शनिवारीही दगडावरच नाचवायची त्यांना? एप्रिलमध्ये दोघांनी गुडघ्यांवर बसून वखारीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाइनची जमीन ठोकली. प्रत्येक स्क्रू पिनॉकने स्वतः पिळून पाहिला.