गोलपोस्टला बांधलेला दोर

प्रल्हादला जाऊन महिना होत आला. बातमी मला बाळूभाऊच्या फोनवरून कळली. "सर, आपला प्रल्हाद गेला. शुक्रवारी ग्राउंडवर शोकसभा हाय, आमदार येऊन राह्यले. तुमी दोनच मिनिटं बोला." मरणाला एक वाक्य, बाकी सगळा कार्यक्रम! हा बाळूभाऊ आमच्या फुटबॉल क्लबचा आजचा अध्यक्ष. चेंडूला त्याचा पाय लागलेला पांढरकवड्यात कुणी पाहिला असेल, तर त्यानं पुढं यावं.

क्लब काढला आम्ही कॉलेजच्या पोरांनी. म्हणजे तांड्यावरून सायकलीनं येणाऱ्या प्रल्हादनं ते मनावर घेतलं आणि आम्ही मागं मागं गेलो. पडीक मैदानातली काटेरी झुडपं त्यानं उपटली, आम्ही सावलीत बसून सल्ले दिले. निलगिरीच्या बल्ल्या आणून गोलपोस्ट त्यानंच रोवले. रोज खेळ संपला की दोन्ही पोस्ट गदगदा हलवायचा, "पक्का हाय" म्हणायचा, मगच घरी निघायचा. बाळूभाऊ तेव्हा रस्त्यावरून ओरडायचा, "म्हशी बांधाले खुंटे गाडून राह्यले काय बे?"

पुढं बाळूभाऊच्याच बहिणीच्या लग्नात मंडपाचे दोर थेट आमच्या पोस्टला बांधले गेले. विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी राळेगावशी आमचा पहिला सामना. हळदीची पंगत बसलेली असताना प्रल्हाद मुकाट्यानं गाठी सोडू लागला.

"काहून सोडून राह्यला बे?" बाळूभाऊ धावत आला.

"हे खेळाचं हाय, भाऊ. मंडपाले बल्ल्या मी आणून देतो."

त्यानं दिल्या आणून. त्याआधी मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडानं खेळला. आम्ही सडकून हरलो.

आम्ही नोकऱ्यांमागं पांगलो. तो शेती सांभाळून पोरांना खेळवत राहिला. क्लबचं नाव झालं, पोस्ट लोखंडी झाले, आणि मग मैदानाकडं कधी न फिरकलेल्यांना आपण संस्थापक असल्याचं आठवू लागलं.

शोकसभेच्या फ्लेक्सवर हात जोडलेला बाळूभाऊ, त्याहून मोठे आमदार, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा प्रल्हाद. बाळूभाऊच्या नावामागं ठळक अक्षरांत 'संस्थापक'. आणि हा फ्लेक्स बांधलेला कशाला? गोलपोस्टला!

माझं नाव पुकारलं. मी माइककडं न जाता पोस्टकडं गेलो आणि गाठ सोडू लागलो.

"काहून सोडून राह्यले, सर?" माणूस तोच, प्रश्न तोच. फक्त 'बे'चं 'सर' झालं होतं.

"हे खेळाचं हाय, भाऊ."

फ्लेक्स आमदारांच्या पुढ्यात येऊन पडला. मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते सगळे निघून गेल्यावर... दोन्ही हातांनी पोस्ट हलवून पाहिला. "पक्का हाय, प्रल्हाद," म्हणालो.

आणि तरीही घरी निघता येईना.