म्हशींचा ब्लॉगवाला

समस्त मराठी जनांस कळवण्यास मला अत्यंत गंभीर अभिमान वाटतो की, म्हशींवरच्या बहुधा एकमेव मराठी ब्लॉगचा मी साक्षीदार आहे.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या सायबर कॅफेत रोज दुपारी माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गवळी बसायचा. किटली टेबलाखाली, टोपी मॉनिटरवर. एका बोटाने अक्षरं शोधत तो रोज एका म्हशीवर लिहायचा आणि मग कालच्या लेखाखालच्या प्रतिक्रिया बघायचा. रोज शून्य.

एकदा मला म्हणाला, "पावणं, चार म्हयनं झालं. हाक मारली की म्हसबी कान हलवती, ह्यो डबा हू का चू करत न्हाय. आज कोण बोललं न्हाय तर लिवणं बंद."

मला राहवेना. पण नुसत्या कौतुकावर कोल्हापुरात कोण विश्वास ठेवतो? मी त्याच्या लेखाखाली खोट्या नावाने लिहिलं, "तुम्हाला म्हशीतलं काडीचं कळत नाही. पंढरपुरी म्हशीची शिंगं एवढी आखूड असतात होय?"

त्याने ते वाचलं, खुर्ची पाडून उभा राहिला आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असा ओरडला, "आरं, माझी अक्कल काढली की एकानं! वाचत्यात लोकं!"