बायोडाट्यातली शेवटची ओळ

इंटरनेटचे फायदे आणि तोटे हा निबंध मी आठवीपासून लिहीत आली. फायदे: ज्ञान मिळते, जग जवळ येते, वेळ वाचतो. तोटे: डोळे बिघडतात, मुलं बिघडतात, वेळ वाया जातो. वेळ वाचतो आणि वेळ वाया जातो ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर लिहून मी दहापैकी आठ मार्क घेतले आहेत, आणि एकाही मॅडमनं विचारलं नाही की बाई, नक्की काय होते ते एकदा सांग. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजातल्या निबंध स्पर्धेला पुन्हा तोच विषय निघाला. त्या आठवड्यात माझं डोकं इतकं तापलेलं होतं की मी नावसुद्धा दिलं नाही. आता शांतपणे लिहिते. फायदे-तोटे नाही, एका ओळीबद्दल लिहिते. ती ओळ माझ्या बायोडाट्यात होती आणि मी ती लिहिली नव्हती.

आमचं गाव आर्णीपासून ऑटोनं अर्ध्या तासावर. घरात बाबा, आई आणि मी. वावरात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. मोबाइल घरात आला तो माझ्या अभ्यासासाठी, मी अकरावीत असताना, आणि महिनाभरात तो सगळ्यांचा झाला. बाबा चहाआधी कापसाचा भाव पाहायचे. आई दुपारी कोण्या गावची बाई कशी भरली वांगी करते ते पाहायची आणि 'हे का रीत हाये' म्हणून तिला नावं ठेवायची. मला मात्र त्या मोबाइलनं खरंच शिकवलं. वर्गात सरांना कोण म्हणणार, सर, तीन मिनिटं मागे जा? मोबाइलमधल्या सरांना मी एका धड्यासाठी वीस-वीस वेळा मागं नेलं, आणि ते एकदाही चिडले नाहीत.

मला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायची होती, अमरावतीला राहून. मग नोकरी. बाबांनी हो म्हटलं होतं. एकदाच म्हटलं होतं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, पण म्हटलं होतं. "शिक तू. पाहू कोण अडवते."

अडवायला कोणी आलं नाही. आत्या आली. बाबांची थोरली बहीण, यवतमाळला राहते, आणि समाजाच्या तीन स्थळांच्या ग्रुपांची अ‍ॅडमिन आहे. दिवाळीला आली ती शंकरपाळे खाता खाता म्हणाली, "पोरगी शेवटच्या वर्षाले हाये. बायोडाटा तरी टाकून ठेवा. टाकला म्हणजे काय लगन लागते का?"

टाकून ठेवणे ही आमच्याकडची रीतच आहे. बाबा आर्णीला गेले. तिथं एक दुकान आहे. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आधारची दुरुस्ती, सगळं ऑनलाइन तिथंच होते आणि बायोडाटाही तिथंच बनतो. बाबांनी माझा फोटो दिला, उंची, रास आणि मामाकुळ तोंडी सांगितलं. दुकानवाल्यानं टाइप केलं, घरच्या मोबाइलवर पाठवलं. बाबांनी आत्याला, आत्यानं तीन ग्रुपांवर. दहा मिनिटांत काम फत्ते. कोणीच वाचलं नाही. दुसऱ्याला कशाला बोलू, मीही वाचलं नाही. दाखवा म्हणायची लाज वाटली आणि वाटलं की त्यात असून असून काय असणार, उंची आणि रास.

चौथ्या दिवशी संध्याकाळी महागावहून फोन आला. मुलाचे वडील बोलत होते. बाबा फोन नेहमी स्पीकरवर लावतात, त्यामुळं चुलीपाशी मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी आमाले पसंत हाये बाप्पा. उंची-गिंची तर सगळेच लिवतात. पण शेवटी तिनं जे लिवलं ना, ते आमच्या घरच्याईले भल्लं आवडलं. आजकालच्या पोरी असं लिवत नाहीत."

"हाव जी, हाव," बाबा म्हणाले.

"मंग येत्या रविवारी येतो आमी."

"या ना जी. घर तुमचंच हाये."

मी भाकर थापत होती. शेवटी मी काय लिहिलं? पिठाचे हात धुतले, बाबांच्या हातून मोबाइल घेतला आणि ती फाइल उघडून सरळ तळाशी गेली. तिथं लिहिलं होतं: 'अपेक्षा: पुढे शिक्षण किंवा नोकरी करण्याची मुलीची इच्छा नाही. घरकामाची आवड आहे.'

मुलीची इच्छा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि घरकामाची आवड म्हणाल तर तोवर तव्यावरची भाकर करपून कोळसा झाली होती, खोटं नाही सांगत.

"बाबा, हे कोणं लिवलं?"

बाबांनी चष्म्याशिवायच पाहिल्यासारखं केलं. "म्या तं नाही सांगतलं बाप्पा. असंन काही छापील."

"छापील म्हणजे? माहं नाव हाये वर!"

"एका ओळीनं काय होते व? येऊ दे त्याईले. पोहे खाऊन जातीन. मंग पाहू."

"त्या ओळीसाठीच ते येऊन राह्यले, बाबा."

"म्या शब्द देल्ला," बाबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

ह्या 'मंग पाहू'ला मी चांगली ओळखते. माझ्या वर्गातल्या दोघी मंग पाहू, मंग पाहू म्हणता म्हणता सासरी पोचल्या. एकीची पुस्तकं अजून माझ्याकडंच आहेत. मी घाबरली होती. चिडली होती त्याच्यापेक्षा जास्त घाबरली होती, कारण बाबा वाईट नाहीत आणि वाईट नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

आत्याला फोन लावला. म्हटलं, काढा तो बायोडाटा ग्रुपांवरून.

"आता काढला तर फक्त माह्या मोबाइलातून जाते, बाई," आत्या म्हणाली. "अन् तो तर पुसद, उमरखेड, ढाणकीच्या ग्रुपाईतही गेला. कोणाकोणाले सांगू? अन् एवढी तिडीक कायले घेतं? चांगलंच तं लिवलं हाये."

ढाणकीपर्यंत गेला! मी आयुष्यात कधी ढाणकीला गेली नव्हती. माझ्याआधी माझी इच्छा नसण्याची इच्छा तिथं जाऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी त्या दुकानात गेली. रस्ताभर भांडण पाठ केलं होतं. कोण रे तू, तुला काय अधिकार, तुझ्या बहिणीच्या नावावर कोणी असं लिहिलं असतं तर, असं बरंच. दुकानवाला माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, भला माणूस निघाला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, तुमचे बाबा घाईत होते," तो म्हणाला. "त्याईनं जेवढं सांगतलं, तेवढं म्या बदललं."

"बदललं म्हणजे?"

"म्हणजे जुनी फाइल असते ना. तिच्यातलं नाव काढाचं, नवीन टाकाचं. फोटो बदलाचा. जे कोणी सांगत नाही ते राहून जाते."

"मग ही ओळ कोणाची?"

त्यानं डोकं खाजवलं आणि 'मुली' नावाचं फोल्डर उघडलं. मी म्हटलं, मला पाहू द्या. दुसऱ्यांच्या पोरींचे फोटो आणि पत्ते पाहायची मला हौस नव्हती, मी प्रत्येक फाइल उघडून डोळे खाली ठेवून सरळ तळाशी जात होती. पहिलीत तीच ओळ. दुसरीत तीच. दहावी पास पोरीच्या खाली तीच, एम.ए. झालेल्या पोरीच्या खालीही तीच. एकीच्या बायोडाट्यात तर शेवटच्या ओळीच्या अगदी वरच लिहिलं होतं, 'व्यवसाय: परिचारिका'. आणि त्याच्याखाली, नोकरी करण्याची मुलीची इच्छा नाही. बाई रोज ड्युटीवर जात असेल, इंजेक्शनं देत असेल, आणि इकडं कॉम्प्युटर म्हणतो तिची इच्छा नाही!

"पहिली कोण होती? जिनं खरंच असं सांगितलं ती?"

"काय मालूम ताई. हा कॉम्प्युटर म्या आधीच्या दुकानवाल्याकडून घेतला. फाइल त्याच्यात होतीच."

एवढं पाठ केलेलं भांडण, आणि भांडायला माणूसच नाही. कोणी तरी कधी तरी ते बोललं असेल. ती पोरगी, नाही तर तिचा बाप, नाही तर टाइप करणाऱ्यानंच जागा भरायला टाकलं असेल. त्यानंतर कोणी काही बोललंच नाही, फक्त पुढं पाठवत गेले. आणि ग्रुपावर ते वाचून लोक म्हणत होते, पोरी किती समजदार आहेत आपल्या समाजातल्या. मला रडू येत होतं, पण त्या दुकानात रडायला मी तयार नव्हती.

"भाऊ, उठा," मी म्हटलं. "मले बसू द्या तिथं."

तो उठला. मी आधी माझी फाइल उघडली. ती ओळ खोडली आणि लिहिलं: 'एम.एस्सी. करणार. त्यानंतर नोकरी करणार.' आधी 'करण्याची इच्छा आहे' असं टाइप केलं होतं, ते खोडलं. इच्छेचं काय होते ते मी नुकतंच पाहिलं होतं.

मग विचारलं, "नवीन पोरगी आली की कोणती फाइल घेता?" त्यानं दाखवली. तिच्यातलीही ओळ मी खोडली. जागा रिकामी झाली. पण रिकामी ठेवली तर हा गडी जुन्यातून ओळ आणून पुन्हा भरणार, हे कळत होतं. म्हणून 'अपेक्षा' शब्दाच्या पुढं कंस करून मी लिहिलं: (मुलीला विचारून लिहिणे).

"ताई, इथं तं बाप येते कागद घेऊन," दुकानवाला म्हणाला. "पोरीले कुठी विचारू?"

"फोन लावायचा. मोबाइल नाही असं घर दाखवा मले."

तो हसला. म्हणाला, बरं.

शनिवारी सकाळी बाबा वावरातून आले, तेव्हा मी त्यांचा चष्मा आणि मोबाइल दोन्ही त्यांच्या हातात दिले. म्हटलं, मोठ्यानं वाचा. आधी जुना, मग नवा. आई दारात उभी राहिली. बाबा माझं नाव वाचत आले, उंची, रास, मामाकुळ. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा आवाज बारीक झाला.

"हे म्या पाठवलं?"

"तुमच्याच हातून गेलं, बाबा. शेंगा सोलताना तुमी काय म्हटलं होतं मले?"

नवा बायोडाटा त्यांनी वाचला, दोनदा वाचला. मग त्यांनी महागावला फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर, आणि मला वाटलं आता माफी मागतील, गुळमुळीत बोलतील. पण बाबा सरळ बोलले. "येऊ नका असं नाही म्हणत जी. पण आदी आयका. कागदात चूक झाली. पोरगी शिकणार हाये. नोकरी करणार हाये. म्याच हो म्हटलं हाये तिले."

तिकडून आवाज आला, "मंग राहू द्या. आमाले घरी राहणारी पायजे."

"बरं जी," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "चला, पोह्याचा पसारा वाचला." ती हसली, पण बाबा हसले नाहीत. दिलेला शब्द फिरवायला लागला होता, आणि गावात ते सोपं नाही. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. नवा बायोडाटा आत्यानं कुरकुर करत ग्रुपांवर टाकला. त्यानंतर फोन जवळजवळ बंद झाले. दोन महिन्यांत एक आला, तोही चुकून. मला तेच पाहिजे होतं, तरी खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. पण मी परीक्षा दिली, फॉर्म भरला, त्याच मोबाइलवर, आणि यादीत नाव आलं तेव्हा बाबांनी ते चष्मा लावून स्वतः वाचलं.

हे मी अमरावतीला, होस्टेलच्या खोलीत बसून लिहिते आहे. लिहायचं कारण परवा दुपारी घडलं. आईनं एक बायोडाटा पाठवला, आत्याच्या ग्रुपावर आलेला. पोरगी माझ्या ओळखीची नाही, घाटंजीकडची कोणी. नाव, उंची, रास, मामाकुळ, सगळं जिथल्या तिथं. आणि तळाशी, माझ्याच कंसासकट, जसंच्या तसं: 'अपेक्षा: (मुलीला विचारून लिहिणे)'.

दुकानवाल्यानं वाचलं नाही, तिच्या बापानं वाचलं नाही, आत्यानंही नाही. मी एकटीच इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतून पोट्टी पाहायला आली. लगेच आईला फोन लावला.

"हासतं काय!" आई म्हणाली. "तिच्या बापाले लोकाईचे फोनावर फोन येऊन राह्यले. मंग इचारलं का जी पोरीले? इचारलं का? तिसऱ्या फोनाले बिचाऱ्याले इचाराच लागलं."

"मग काय म्हणाली ती?"

"नर्सिंगले जातो म्हणते."