दुसऱ्याचा पेपर

लोकांच्या उपयोगी पडावं म्हणतात. पडले की! नववीत असताना एका आंधळ्या मुलीचा मॅट्रिकचा मराठीचा पेपर लिहायला गेले, आणि अजून त्या दिवसाची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

तेव्हा अकरावीला मॅट्रिक होती. आंधळ्या उमेदवाराला खालच्या वर्गातली मुलगी लेखनिक म्हणून मिळायची. उमेदवारानं सांगायचं, हिनं लिहायचं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मलाच निवडलं, कारण अक्षर चांगलं आणि निबंधात मी वर्गात पहिली. आठ दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीत एक घर सोडलं नाही सांगायचं. पेपरच्या दिवशी आईनं हातावर दही ठेवलं, जशी काही परीक्षा माझीच.

ती आंधळी मुलगी शिरोळकडची, विशीतली. कोल्हापुरात मावशीकडं राहून ब्रेलवर अभ्यास केलेला. पास झाली तर टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घ्यायला पुण्याला जाणार होती. नापास झाली तर भाऊ येऊन गावी नेणार, आणि मग जन्मभर भावजयीच्या सोप्यात बसून शेंगा फोडायच्या. हे सगळं मला मावशीनं व्हरांड्यातच ऐकवलं, वर म्हणाली, "आता तुझ्या हातात हाय बघ, पोरी." झालं! हिला पास करायचीच, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

आम्हाला वेगळी खोली होती आणि देखरेखीला एक बाई. मी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. निबंधाच्या चार विषयांत एक 'मी पाहिलेला पूर' होता आणि एक 'वर्तमानपत्राचे फायदे'. मी हळूच म्हटलं, "ताई, वर्तमानपत्र घ्या. सोपा आहे."

"पूर लिव."

"अहो, पण 'पाहिलेला' आहे ना विषयात."

"मग? मी तिथंच हुतो की. पेपर तुझा हाय का माझा?"

बघा! आधीच फुकट गेलेली सुट्टी, त्यात हे बोलणं. मी गुमान लिहायला लागले. ती सांगत होती. पाणी यायच्या आधी गल्लीतली कुत्री गप्प झाली. मग पाणी पेटत्या चुलीत शिरलं, त्याचा चर्र आवाज आला. रॉकेलचा डबा कलंडला आणि सगळ्या घराला वास सुटला. आईनं म्हशीचं दावं कापलं आणि म्हशीचं शेपूट माझ्या हातात देऊन म्हणाली, सोडू नको.

आता हा काय निबंध झाला? ना आभाळ, ना ढग, ना लाटा. एक उपमा नाही की एक सुविचार नाही. तपासणारा हिला मार्क कशाचे देणार, म्हशीच्या शेपटाचे? मला तिची दया आली, खरंच आली. ती पुढचं आठवायला थांबली तेवढ्यात मी आपल्या मनानं घातलं, 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले होते. काळ्याकुट्ट मेघांनी आकाश झाकोळून गेले होते. जिकडे पाहावे तिकडे गढूळ लाटांचे थैमान दिसत होते.' चांगल्या पाच-सहा ओळी. असल्या ओळींवर मी वर्गात वाहवा मिळवायची.

ती एकदम ताठ बसली. "मी थांबलो तरी तुझं पेन कसं काय चालू हाय?"

मी पेन कागदावरून उचललं.

"वाच."

वाचलं. काय करणार? तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. बाईंना मोठ्यानं हाक मारून म्हणाली, "बाई, हिला ह्ये खोडायला सांगा." मी काकुळतीला येऊन म्हटलं, ताई, असू द्या, मार्क वाढतील. ऐकेल तर शपथ! खोडून होईपर्यंत तिनं पुढचं सांगितलं नाही. त्यावर कडी म्हणजे, तिथून पुढं प्रत्येक उत्तर ती दोनदा वाचून घ्यायला लागली. पत्रलेखन राहिलं आणि घंटा झाली.

मराठीत ती चार मार्कांनी नापास झाली. बाकी सगळ्यात पास.

मी घरी थयथयाट केला. माझं ऐकलं असतं तर! चांगलं करायला जावं तर हे असं, उपकाराची जाण म्हणून नाही. आणि आतून मला पक्कं ठाऊक होतं की ते पत्र माझ्या पाच-सहा ओळींनी खाल्लं. त्यामुळंच मी जास्त ओरडत होते.

भावानं ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. ती मावशीचा हात धरून पुन्हा आमच्या शाळेत आली. मी आपली तयारीतच, नवीन निब घालून. तिनं मागितलं कुणाला? आमच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची, जी प्रत्येक चाचणीला माझ्याकडं मान वाकडी करायची, तिला! मला व्हरांड्यात रडू फुटलं. "मी का नको?" मी विचारलं.

"अक्षर ब्येस हाय म्हणत्यात तुझं," ती म्हणाली. "पर तू ऐकत न्हाईस की गं."

ऑक्टोबरात ती पास झाली आणि पुण्याला गेली. मला राहवेना. मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला गाठलं, म्हटलं, निबंधात तिनं काय काय सांगितलं, चांगला तरी होता का?

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "ती सांगत होती, मी लिहीत होते."